तो मावा खात नसेल, तर जिभेवर पांढरा डाग आला कुठून?

या वेळचं पत्र सोलापूरच्या एका आईचं आहे. ओळखीच्या खुणा काढून थोडक्यात देते.

"मॅडम, आम्ही विडी घरकुलात राहतो. मी विड्या वळते, मालक यंत्रमागावर आहेत. मुलगी वीस वर्षांची, मुलगा सोळाचा, अकरावीला. वर्षभरापासून त्याच्या जिभेवर पांढरा डाग आहे. घासून निघत नाही, तिखट खाल्लं की झोंबतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी तोंड बघितलं आणि विचारलं, 'मावा किती खातोस?' तेव्हापासून घरात शांतता नाही. वडील त्याच्या दप्तराची झडती घेतात, हातही उचलतात. तो शपथ घेऊन सांगतो की कधीच खाल्ला नाही. मला त्याचं खरं वाटतं. पण तंबाखू तर माझ्याच सुपात असते, तिची धूळ घरभर. माझ्यामुळे तर झालं नाही ना? त्याची नखं लहानपणापासून खराब आहेत, त्याच्यासाठी नेलकटर कधी लागलंच नाही. मानेवर काळपट जाळी आहे, मळ समजून मी वजरीनं घासत आले. आता एका डॉक्टरांनी सांगितलं की हा घराण्यातून येणारा आजार असू शकतो, त्यात कॅन्सर होतो, मुंबईला दाखवा. माझा भाऊ चोविसाव्या वर्षी रक्त सुकून गेला, त्याचीही नखं अशीच होती. सासूबाई म्हणतात, रोग तुझ्या माहेरचा. मुलीचं लग्न ठरत आलंय. तिकडे सांगायचं का? मला काही सुचत नाही."

ताई,

नेलकटर कधी लागलंच नाही, हे तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. माझ्या दृष्टीनं पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे. पातळ, उभ्या रेघा पडलेली, टोकाला चिरणारी आणि वर्षागणिक आक्रसत जाणारी नखं, मानेवर आणि छातीच्या वरच्या भागावर न निघणारी काळपट जाळी, आणि जिभेवर न पुसला जाणारा पांढरा डाग. या तीन गोष्टी एकाच मुलात दिसल्या, तर आम्ही मुखरोगाच्या डॉक्टरांनी एक नाव मनात आणायलाच हवं: डिसकेराटोसिस कंजेनिटा. दहा लाखांत एखाद्याला होणारा हा आजार १९०६ मध्ये जर्मन त्वचारोगतज्ज्ञ झिन्सर यांनी पहिल्यांदा नोंदवला. गल्लीतल्या डॉक्टरांनी तो कधी पाहिला नसेल तर नवल नाही. पण त्यांनी मुलाचे हात बघायला हवे होते, एवढं मला वाटतं.

पत्रावरून निदान करता येत नाही, आणि मी करतही नाही. तोंडात पांढरं आणि नखं खराब, असं इतर आजारांतही होतं. लायकेन प्लॅनस या त्वचेच्या आणि तोंडाच्या आजारात होतं. पॅकिओनिकिया नावाच्या दुसऱ्या आनुवंशिक आजारात नखं जाड आणि टणक होतात, तोंडात पांढरे पट्टे येतात, पण त्यांचा कॅन्सर होत नाही. तुमच्या मुलाची नखं जाड नाहीत, उलट उरलीच नाहीत. त्यात मामाची गोष्ट अशी. म्हणून मुंबईला पाठवणाऱ्या डॉक्टरांचा संशय मला योग्य वाटतो.

माव्याचं आधी संपवून टाकू, कारण त्या पोराला त्यासाठी मार बसतोय. सोलापुरात माव्यानं आणि तंबाखूनं बिघडलेली तोंडं मी आयुष्यभर बघत आले आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तो प्रश्न विचारणं चूक नव्हतं. पण तंबाखूचा डाग बहुतेक वेळा जिथे बार धरतात तिथेच पडतो, म्हणजे खालच्या ओठाच्या आत किंवा गालाच्या खाचेत. सुपारी खाणाऱ्याचा गाल आतून ताठर होतो आणि तोंड उघडणं कमी होत जातं. तुमच्या मुलाचं तोंड पूर्ण उघडतं का, हे तुम्ही घरीच बघू शकता. त्याची स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये मावली, तर सुपारीची शंका बरीच कमी होते. आणि सहा-सात वर्षांच्या मुलाची नखं माव्यानं जात नाहीत, हे त्याच्या वडिलांना सांगा. हे पत्रच वाचून दाखवा. आता दप्तर तपासणं थांबायला हवं. उद्या त्याला काही दुखलं, हिरड्यातून रक्त आलं, तर मार बसेल या भीतीनं तो लपवेल, आणि या आजारात ते परवडणारं नाही.

तुमच्या सुपाबद्दल. नाही ताई, तुमच्या विड्यांमुळे हा आजार झालेला नाही. तो असेल तर मुलगा पोटात असतानाच ठरलेला आहे. पण ज्याला हा आजार आहे त्याचं तोंड आणि फुप्फुसं दोन्ही नाजूक असतात, म्हणून धूळ आणि धूर त्याच्यापासून लांब असलेले बरे. काम सोडा असं मी म्हणणार नाही, त्यावर चूल पेटते हे मला माहीत आहे. सूप आणि तंबाखूची पिशवी तो झोपतो त्या खोलीत ठेवू नका. वळायला दारात किंवा ओसरीवर बसा, आणि विड्यांची मोजणी, बांधणी त्याच्याकडून करून घेऊ नका. घरात कुणी विडी ओढत असेल तर ते बंद. त्यानं स्वतः तंबाखू, सुपारी आणि दारूला जन्मभर हात लावायचा नाही. इतर पोरांना आपण हे सांगतो, तर ह्याच्या बाबतीत ते औषधाइतकंच गरजेचं आहे.

आता आजाराचं मूळ. सोलापुरी चादरीच्या टोकाला दशा गाठी मारून बांधतात, नाहीतर वीण उसवत जाते. आपल्या पेशींतल्या गुणसूत्रांच्या टोकांनाही असंच एक संरक्षण असतं, त्याला टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभंगत राहते तसं ते झिजतं. हे सगळ्यांच्यात होतं, म्हातारपणी जास्त. या आजारात टेलोमिअर लहानपणापासूनच फार आखूड असतं, कारण ते राखणारी यंत्रणाच अधू असते. म्हणून ज्या जागी पेशी सतत नव्यानं तयार व्हाव्या लागतात तिथे आधी त्रास होतो: नखं, त्वचा, तोंडाचं अस्तर, आणि हाडातला मगज, जिथे रक्त बनतं.

तुम्ही कॅन्सर या शब्दानं हादरला आहात. सोळाव्या वर्षी मला जास्त काळजी त्याच्या रक्ताची आहे. या आजारात जीव जाण्याचं सगळ्यात मोठं कारण कॅन्सर नसून मगज सुकणं हे आहे. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, हळूहळू सगळंच कमी होत जातं, आणि हे बहुतेकांना तिशीच्या आत कधीतरी सुरू होतं. तुमच्या भावाचं 'रक्त सुकलं' म्हणता ते बहुधा हेच असावं. त्याचे जुने केस पेपर, रक्ताचे रिपोर्ट माहेरी ट्रंकेत कुठे पडले असतील तर शोधून काढा. मुंबईतल्या डॉक्टरांना त्या कागदांवरून खूप काही कळेल.

म्हणून पहिली तपासणी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी, तीही सोलापुरातच, याच आठवड्यात. सिव्हिलमध्ये करा किंवा कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये, खर्च फार नाही. आणि त्याचा रिपोर्ट येईपर्यंत कुणालाही त्याच्या जिभेचा तुकडा काढू देऊ नका, शिबिरात दात उपटू देऊ नका. प्लेटलेट कमी असतील तर रक्त थांबता थांबत नाही. रक्त कमी निघालं म्हणून मेडिकलमधून लोहाचं टॉनिक आणून पाजू नका. इथे लोह कमी पडलेलं नसतं, रक्त बनवणारा मगजच थकलेला असतो. भस्मं आणि नाव नसलेल्या पुड्याही नकोत, कारण या मुलांचं यकृतही कच्चं असू शकतं. अंग दुखलं, ताप आला तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळा.

सीबीसी हातात आला की सिव्हिलच्या मेडिसिन आणि त्वचारोग विभागाकडून मुंबईसाठी चिठ्ठी घ्या. परळला केईएममध्ये रक्तविकारतज्ज्ञ आहेत, आणि त्याच आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, जिथे रक्ताच्या आनुवंशिक आजारांवरच काम चालतं. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालात तर सकाळी दादरला उतराल, परळ तिथून जवळच आहे. तिथे तीन गोष्टी विचारा. टेलोमिअरची लांबी मोजण्याची तपासणी कुठे होईल, जनुकांची तपासणी होईल का, आणि मगजाची तपासणी आत्ता गरजेची आहे की थांबता येईल. फुप्फुसाची क्षमता आणि यकृत हेही ते बघतील. त्याच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत असेल, गिळताना घास अडकत असेल, केस लवकर पांढरे होत असतील, लघवीला त्रास असेल, तर तेही सांगा. मुलगा लाजेल, पण सांगायला लावा. हे सगळं एकाच आजाराचं असू शकतं.

आजाराचं नाव पक्कं होणं का महत्त्वाचं, ते नीट समजून घ्या. मगज सुकण्याचा नेहमीचा जो आजार असतो, त्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात आणि पुष्कळांना गुण येतो. या आजारात त्या औषधांचा सहसा उपयोग होत नाही, नुसता वेळ आणि पैसा जातो. इथे डॅनाझॉलसारख्या औषधानं काही जणांचं रक्त वर येतं, आणि गरज पडलीच तर मगज बदलतात, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट. तोही नेहमीच्या जोरदार केमोथेरपीनं नाही, सौम्य पद्धतीनं करावा लागतो, कारण या मुलांचं शरीर ती केमो आणि किरणं सोसत नाही. बहिणीचा मगज जुळला म्हणून लगेच घेता येत नाही, तिच्यात तोच दोष नाही ना हे आधी बघावं लागतं. आणि पुढे कधी त्याला रक्त चढवायची वेळ आली तर भावकीतल्या कुणाचं रक्त देऊ नका, रक्तपेढीचं घ्या. नातेवाइकाच्या रक्तानं पुढच्या ट्रान्सप्लांटला अडथळा येऊ शकतो. आपल्याकडे माणसं प्रेमानं रांग लावतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता जीभ, म्हणजे माझा विषय.

कॅन्सरचा धोका खरा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या आजाराच्या माणसांपैकी पन्नाशीपर्यंत दहातल्या चौघांना कुठला ना कुठला कॅन्सर होईल असा अंदाज होता, आणि त्यात डोकं-मान, विशेषतः जीभ, पुढे होती. नंतर जास्त माणसं, जास्त वर्षं बघितल्यावर तो अंदाज खाली आला, तरी इतरांच्या मानानं धोका बराच जास्त आहे आणि तो लवकर येतो, विशी-तिशीतही. पण पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. तो कित्येक वर्षं तसाच राहतो, कधी पसरतो, कधी जागा बदलतो. त्याला कायमचं घालवणारं खात्रीचं औषध नाही, त्यामुळे मलमांच्या आणि गुळण्यांच्या मागे धावू नका. वजरीनं मान घासत होतात तशी त्याची जीभही कुणी खरवडायची नाही. आपल्या हातात आहे ते लक्ष ठेवणं, आणि ते सोलापुरात बसून होण्यासारखं आहे.

महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, त्याला दारात उभं करा. जीभ बाहेर काढायला सांगा, टोक स्वच्छ फडक्यानं धरा आणि हळूच एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढा. कडा बघा, अगदी मागे दाढांपर्यंत. मग जीभ टाळूला लावायला सांगा आणि खालची बाजू बघा. गालांच्या आत, हिरड्या, टाळू. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दर महिन्याला त्याच अंतरावरून, त्याच उजेडात. पांढऱ्यात लालसर भाग दिसू लागला, बोटाला कडक लागलं, दोन आठवड्यांत भरून न येणारी जखम झाली, रक्त आलं, कानात कळ जायला लागली किंवा घास गिळायला त्रास व्हायला लागला, तर पुढच्या महिन्याची वाट न बघता दाखवायचं. एखादा तुटका दात जिभेच्या कडेला घासत असेल तर तो घासून गुळगुळीत करून घ्या. दर सहा महिन्यांनी दंतवैद्याकडे आणि वर्षातून एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं, काही वाटत नसलं तरी. एचपीव्ही या विषाणूविरुद्धची लस मुलग्यांनाही देतात, त्याला ती कधी द्यावी हे मुंबईत विचारून घ्या.

कधीतरी डॉक्टर म्हणतील की डागाचा तुकडा तपासायला हवा. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' असं तुम्हाला शेजारपाजारचे दहा जण सांगतील. ते खरं नाही. या समजुतीपायी उशिरा आलेली माणसं मी बघितली आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. जिभेचा कॅन्सर लहान असताना सापडला तर शस्त्रक्रियेनं निघतो. ह्या मुलासाठी लवकर सापडणं इतरांपेक्षा जास्त मोलाचं, कारण किरणं आणि केमो हे पुढचे पर्याय त्याला जपून वापरावे लागतात. ट्रान्सप्लांटनं रक्त सुधारलं तरी जिभेचा धोका जात नाही, तेव्हा हे बघणं कायमचं आहे. कुठल्याही दवाखान्यात पाऊल टाकलं की आजाराचं नाव आधी सांगायचं. एका कागदावर लिहून त्याच्या पाकिटात ठेवा.

सासूबाई म्हणतात, रोग माहेरचा. तुमच्याशी खोटं बोलणार नाही. या आजाराचे बरेच प्रकार आहेत, त्यातल्या सगळ्यात परिचित प्रकारात दोष एक्स गुणसूत्रावरच्या डीकेसी१ या जनुकात असतो. तो १९९८ मध्ये सापडला. मुलग्याला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळतं, आणि मामालाही असाच आजार असेल, तर तो तुमच्या आईकडून तुमच्याकडे आणि तुमच्याकडून मुलाकडे आला असण्याची शक्यता मोठी आहे. तुमच्याकडे दुसरं, निरोगी एक्स आहे, म्हणून तुम्हाला काही झालं नाही आणि कळायला मार्गही नव्हता. यात पाप-शाप काही नाही. तुम्ही काही खाल्लंत, केलंत, पाळलं नाहीत, म्हणून हे झालेलं नाही. भाऊ डोळ्यांसमोर गेला, आता मुलगा आजारी, आणि वर हा बोल तुम्हालाच. ज्या बाईवर एवढं ओढवलंय तिला घरानं धरून ठेवायचं असतं, हे सासूबाईंना मी सांगितलं म्हणून सांगा. शिवाय प्रकार दुसराच निघाला तर दोष दोन्हीकडून, वडिलांकडून, किंवा नव्यानंच आलेला असू शकतो. तपासणीआधी कुणी निकाल देऊ नये.

मुलीचं लग्न मोडू नका. थोडं पुढे ढकला. मुलाचा दोष नेमका कुठला ते सापडलं की तिची तपासणी सोपी असते, एका रक्ताच्या नमुन्यावर होते. दोष एक्सवरचा आणि तुमच्याकडून आलेला असेल, तर तो तिच्यात असण्याची शक्यता निम्मी. असला तरी ती स्वतः सहसा निरोगी राहते. तिच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता मात्र निम्मी राहील, आणि गरोदरपणात ते आधी कळण्याची सोय आहे. स्थळ नात्यातलं असेल, आपल्याकडे असतंच, तर प्रकार कळल्याशिवाय पुढे जाऊच नका, कारण काही प्रकार दोन्हीकडून दोष आला तरच होतात. तपासणी करायची की नाही, हे वीस वर्षांच्या त्या मुलीनं ठरवायचं. तिच्या पाठीमागे बैठक बसवू नका. आणि सांगायचं का, तर हो, सांगावं, असं माझं स्पष्ट मत आहे. अख्ख्या भावकीला नाही. तिनं स्वतः त्या मुलाला, डॉक्टरांचा कागद हातात घेऊन. सुपारी फुटण्याआधी.

खर्चाचं. तुमचं विडी कामगाराचं ओळखपत्र, रेशनकार्ड आणि दोघांची आधारकार्डं सोबत ठेवा. विडी कामगारांच्या कुटुंबासाठी केंद्राच्या कामगार कल्याण विभागाच्या योजना आहेत, विडी कामगारांच्या दवाखान्यात त्यांची चौकशी करा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा सिव्हिलमधला आरोग्यमित्र काय बसतं ते सांगेल. केंद्राचं २०२१ चं दुर्मीळ आजारांचं धोरण आहे, त्याखाली ठरावीक आजारांना ५० लाखांपर्यंत मदत मिळते आणि त्यासाठी नेमलेल्या केंद्रांत केईएम आहे. तुमच्या मुलाचं प्रकरण त्यात बसतं का, हे तिथल्या समाजसेवा विभागात पहिल्याच भेटीत विचारा.

सीबीसी झाली की हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट, हे तीन आकडे मला कळवा. पण अंगावर लाल ठिपके उठले, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त आलं, न मारता-लागता काळेनिळे डाग पडले किंवा थंडी वाजून ताप आला, तर ना माझ्या उत्तराची वाट बघा, ना मुंबईच्या तारखेची. त्याच दिवशी सिव्हिलच्या अपघात विभागात न्या.